रेघेची मागची कड

ऑरिन पेट्स्काने एकतीस वर्षांत ऑर्डवे कॉलेजच्या एकाही सामन्यात टाळी वाजवली नव्हती. गावात असा दुसरा माणूस नव्हता. आमच्याकडे शनिवारी अंगावरची पोरंसुद्धा कॉलेजच्या मरून रंगाची टोपी घालून मैदानावर येतात, आणि सामना जिंकला की पाद्रीबुवा रविवारचं प्रवचन दहा मिनिटं लवकर आटपतात. ऑरिनची मरून टोपी मात्र गाडीतच राहायची. काळी पँट, पांढरा सदरा आणि वर साधं जॅकेट घालून तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा. कोण जिंकतंय हे त्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही.

कारण ऑरिन साखळीवर होता.

आमचा फुटबॉल लाथेचा कमी आणि मोजणीचा जास्त. चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या अंगावर धावून जायचं आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. बोटभर जरी कमी पडलात तरी चेंडू समोरच्यांच्या हवाली. ते दहा यार्ड मोजायला कडेला दोन उंच काठ्या आणि त्यांच्यामध्ये एक साखळी असते, आणि ती धरायला यजमान कॉलेज आपल्याच गावातली चार माणसं देतं. माणसं गावची, पण शिट्टी वाजली की पंचांची. गावाचा रंग घालायचा नाही, ओरडायचं नाही, कुणाच्या पाठीवर थाप मारायची नाही. मोबदला म्हणून पावाच्या चारही बाजूंनी बाहेर लोंबणारं पोर्कचं सँडविच मिळतं, आणि बायकोला फुकट पास.

ऑरिन या चौघांचा म्होरक्या होता. पोटापाण्याला तो चाळीस वर्षं काउंटीचा मोजणीदार होता. आयोवाच्या आमच्या भागात सख्ख्या भावांनी कुंपणावरून एकमेकांचं तोंड बघणं सोडलेलं आहे, आणि तशा भावांच्या मधोमध उभं राहून ऑरिनने लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. दोघंही भाऊ त्याला शिव्या द्यायचे. दोघांनी दिल्या की मोजणी बरोबर झाली असं तो धरून चालायचा.

साखळीवरचं त्याचं स्वतःचं काम होतं क्लिप लावायचं. साखळी मैदानाच्या कडेला ताणली की ती जिथे एखादी पांढरी रेघ ओलांडते, तिथे साखळीला एक केशरी क्लिप अडकवायची. मोजायची वेळ आली की कडेचा पंच ती क्लिप हातात धरून साखळी मैदानात नेतो, क्लिप त्याच रेघेवर टेकवतो, आणि मग पुढची काठी ताणून चेंडू पोचला की नाही ते बघतात. सगळी मदार त्या क्लिपवर. आणि रेघ चांगली चार इंच रुंद असते, म्हणून नियम असा की क्लिप रेघेच्या मागच्या कडेलाच लावायची. मागची म्हणजे चेंडू घेऊन निघालेल्या संघाच्या मागची. लावणाऱ्याने मागची कड धरायची आणि टेकवणाऱ्यानेही मागचीच. एकाने मागची आणि दुसऱ्याने पुढची धरली तर चार इंच हवेत जातात.

"चार इंचांनी काय आभाळ कोसळतं?" लेरॉय व्हानेक त्याला दरवर्षी विचारायचा. लेरॉय जन्मभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला. कितवा प्रयत्न चालू आहे तो आकडा दाखवणारा खांब त्याच्या हातात असायचा, आणि तोंड कुणाच्याच हातात नसायचं.

"कुंपण चार इंच सरकलं तर तुझा मेहुणा काय म्हणेल?" ऑरिन विचारायचा.

"मेहुण्याचं नाव काढू नकोस बाबा, सँडविच कडू लागतं."

हंगामाचा शेवटचा सामना लिंडहोमशी होता. लिंडहोम कॉलेज आमच्यापासून चाळीस मैलांवर आहे. तिथली माणसं चांगली असतात असं ऐकून आहे. जो जिंकेल तो बाद फेरीत जाणार होता, आणि हरणाऱ्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या आयुष्यातला हा शेवटचा फुटबॉल ठरणार होता. या मुलांना पुढे कुणी पैसे देऊन खेळायला बोलवत नाही. ती शिक्षक होतात, बी-बियाणं विकतात, दंतवैद्य होतात.

ऑरिनची बायको मार्डेलने नेहमीप्रमाणे पंचांच्या खोलीत जर्दाळूच्या कोलाच्यांचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, डबा ठेवला. आजीच्या हातची कृती. सात पंच आणि चौदा कोलाचे. कडेचा पंच कर्टिस ओडेगार्ड होता, इथून तासाभरावरच्या एका शाळेचा उपमुख्याध्यापक. चौदा वर्षं पंचगिरी केलेला सरळ, अबोल माणूस. सामन्याआधी तो नेहमीसारखा साखळीपाशी आला, काठ्या उभ्या करून साखळी तपासली आणि म्हणाला, "ऑरिन, तुमची साखळी असली की मला झोप चांगली लागते."

"आणि आमची बायको म्हणते की याच्या साखळीपायी माझी झोप जाते," लेरॉय मध्येच म्हणाला.

शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा ऑर्डवे सतरा आणि लिंडहोम चौदा. चेंडू लिंडहोमकडे होता आणि ते मैदानाच्या एका टोकाच्या पाण्याच्या टाकीकडे एकेक पाऊल रेटत चालले होते, दुसऱ्या टोकाच्या धान्यकोठारांकडे पाठ करून. दहा यार्ड, पुन्हा दहा यार्ड. दरवेळी साखळी पुढे, दरवेळी ऑरिन गुडघ्यावर, क्लिप रेघेच्या धान्यकोठारांकडच्या कडेला. पाच वेळा त्याने ती त्याच कडेला लावली. मागच्या बाजूला चार हजार माणसं श्वास रोखून बसली होती. आणि मग लिंडहोमच्या पोराने फेकलेला चेंडू ऑर्डवेच्या एका बारक्या पोराने, साखळीपासून दहा पावलांवर, हवेत उडी मारून ओढून घेतला.

मैदान नुसतं फुटलं. बाकीच्या पोरांनी त्या बारक्याला खांद्यावर घेतलं. आता चेंडू ऑर्डवेचा आणि दिशा उलटी. पोरं अजून त्याला नाचवत असतानाच काठ्यांची अदलाबदल झाली, साखळी ताणली गेली, ऑरिनने गुडघा टेकवून क्लिप लावली, कर्टिसने बघून मान डोलावली, आणि खेळ पुढे सुरू झाला.

ऑर्डवेने तीन प्रयत्नांत नऊ यार्ड आणि थोडे काढले. चौथ्याला पोरांचा ढीग पडला. ढीग उचलल्यावर चेंडू इतका काठावर होता की मुख्य पंचाने साखळी मागवली. कर्टिसने क्लिप धरली, साखळी आत नेली, क्लिप रेघेच्या मागच्या कडेला टेकवली. पुढची काठी ताणली. चेंडूचं टोक काठीच्या दोन बोटं पुढे होतं.

दोन बोटं. ऑर्डवेला आणखी चार प्रयत्न मिळाले, घड्याळ संपलं आणि आम्ही जिंकलो. लिंडहोमचा एक दांडगा पोरगा, सहा फूट चार इंच, हेल्मेट न काढता गवतावर बसून राहिला. साखळी गुंडाळताना ऑरिनने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

रविवारी संध्याकाळपर्यंत लिंडहोमवाल्यांनी कर्टिस ओडेगार्डला खाटिकखान्यात नेलं. फोनवर, फेसबुकवर, जिथे जागा मिळेल तिथे. त्यांना एक फोटो सापडला होता. कर्टिसची मुलगी अनिका, बारावीतली, ऑर्डवे कॉलेजच्या दारात मरून टोपी घालून उभी. ती ऑक्टोबरात कॉलेज बघायला आली होती. येणारी सगळीच पोरं अशी टोपी घालून फोटो काढतात. पण पंचांना दर उन्हाळ्यात एक अर्ज भरून द्यावा लागतो. स्वतः कुठे शिकलात, बायको कुठे, मुलं कुठे; त्या कॉलेजांचे सामने मग देत नाहीत. कर्टिसने मुलीच्या नावापुढे तिच्या शाळेचं नाव लिहिलं होतं. ऑर्डवेचं लिहिलं नव्हतं, कारण तिचं काही ठरलंच नव्हतं.

लिंडहोमवाल्यांना तेवढं पुरलं. मोजताना त्याने क्लिप मुद्दाम मागे ओढली, म्हणे. सोमवारी सामने भरवणाऱ्या लीगने त्याला बाजूला बसवलं. पंचांच्या प्रमुख ग्वेन हॉलिस्टरबाई शुक्रवारी दहा वाजता निर्णय देणार होत्या, आणि त्याच दिवशी बाद फेरीच्या पंचांची यादी जाणार होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा कर्टिसचं नाव त्या यादीत येणार होतं.

"आपल्या कोलाच्यांचंही नाव घेतलंय त्यांनी," मंगळवारी सकाळी लेरॉयने कॅफेत जाहीर केलं. कॅफेत भिंतीवर ज्याचा त्याचा कॉफीचा मग खिळ्याला टांगलेला असतो. लेरॉयचा गाईच्या चित्राचा. "लाच म्हणे! मार्डेलचे कोलाचे! अरे, मी बारा वर्षं खातोय, मी कधी कुणाचं काही भलं केलंय का?"

सगळे हसले. ऑरिनही हसला. बिचारा कर्टिस, असं त्याला मनापासून वाटलं, कारण कर्टिसने क्लिप मागच्या कडेलाच टेकवली होती हे त्याने तीन फुटांवरून पाहिलं होतं. तो म्हणाला, "त्या माणसाने काहीही चुकीचं केलेलं नाही. मी कुठेही सांगायला तयार आहे."

बुधवारी गावचं साप्ताहिक आलं.

पहिल्या पानावर अर्ध्या पानाचा रंगीत फोटो होता. बारक्या पोराला खांद्यावर घेतलेला, त्याच्या हातात चेंडू. दुपारपर्यंत तो फोटो गावातल्या निम्म्या फ्रिजांवर लागला होता. मार्डेलनेही कात्री शोधायला घेतली. "अगं बाई," ती म्हणाली, "ऑरिन, तू पण आहेस यात! हा बघ कोपऱ्यात."

ऑरिनने चष्मा लावला. पोरांच्या पायांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, एक गुडघा टेकलेला म्हातारा होता. उजवा हात साखळीवर. डाव्या हाताची मूठ वर, पार डोक्याच्या वर. आणि तोंड सताड उघडं.

"तू ओरडतोयस की काय?" मार्डेलला हसू आवरेना. "एकतीस वर्षांनी! मी फ्रेम करणार हे."

ऑरिनला आपण ओरडल्याचं आठवतच नव्हतं. एखाद्याने शपथेवर सांगितलं असतं तरी त्याने मानलं नसतं. त्याने खणातून जुनं भिंग काढलं, ज्याने तो चाळीस वर्षं नकाशे वाचत आला होता, आणि फोटोवर धरलं. तोंडावर नाही, उजव्या हातावर.

फोटोत मागे धान्याची कोठारं दिसत होती. पांढरी रेघ स्पष्ट होती. केशरी क्लिप रेघेच्या कोठारांकडच्या कडेला होती.

लिंडहोमवाले टाकीकडे निघाले होते तेव्हा त्यांची मागची कड कोठारांकडची. पाच वेळा हात तिकडे गेला होता. ऑर्डवेकडे चेंडू आला, सगळं उलटं झालं, काठ्या उलट्या झाल्या, साखळी उलटी झाली, आणि सहाव्या वेळी त्याचा हात पुन्हा तिथेच गेला, कारण त्याचं लक्ष साखळीवर नव्हतंच. तो ओरडत होता. त्याने पुढच्या कडेला लावलेली क्लिप कर्टिसने नियमाप्रमाणे मागच्या कडेला टेकवली. चार इंच. ऑर्डवेला मिळाली होती दोन बोटं. खरं मोजलं असतं तर पोरं अडीच इंच कमी पडली होती, चेंडू लिंडहोमला मिळाला असता, आणि तो सहा फूट चार इंचांचा पोरगा अजून दीड मिनिट खेळला असता.

"काय झालं?" मार्डेलने विचारलं. कात्री तिच्या हातात तशीच होती.

त्याने सांगितलं. मोजणीदाराची बायको, तिला एकदाच सांगावं लागलं. ती त्याच्यासमोर खुर्चीत बसली.

"कुणी बघितलेलं नाही," ती सावकाश म्हणाली. "अख्खं गाव तो फोटो बघतंय आणि सगळे त्या पोरालाच बघतायत."

"मी बघितलंय."

"निकाल बदलणार आहे का?"

"नाही. निकाल बदलत नसतो."

"मग?"

"मग त्या माणसाला माझ्या चुकीसाठी चोर म्हणतायत, मार्डेल."

तिने कात्री खणात ठेवली. "तुझी साखळी जाईल," ती म्हणाली. ती कधी रडत नाही, तेव्हाही रडली नाही. शनिवारच्या त्या चार तासांवर हा माणूस उरलेला आठवडा काढतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गुरुवारी सकाळी ऑरिन गाडी काढून कर्टिसच्या शाळेत गेला. आधी त्याला सांगायचं आणि मग लीगला, असं त्याने ठरवलं होतं. जेवणाची सुट्टी होती. उपमुख्याध्यापक साहेब जेवणघराच्या दारात उभे राहून दोनशे पोरांना ट्रे जागेवर ठेवायला लावत होते. चार दिवसांत माणूस उतरला होता.

"ऑरिन? तुम्ही इकडे कुठे?"

ऑरिनने वर्तमानपत्र उघडलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं. कोपऱ्यावर बोट ठेवलं. कर्टिसने आधी तोंड बघितलं आणि त्याला किंचित हसू आलं. मग त्याने भिंग खाली सरकवलं. मागे कुणाचा तरी ट्रे पडला, पोरांनी आरोळी ठोकली. त्याने मान वर केली नाही.

"पुढची कड," तो म्हणाला.

"पुढची. चूक माझी. तुम्ही बरोबर टेकवलीत."

कर्टिस भिंतीला टेकला. "तुम्हाला माहितीये, मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला? साठ वेळा. माझाच हात बघत होतो. लोक म्हणतात ओढली, तर खरंच ओढली असेल का? अनिकाला तिथे जायचंय, मला माहीत होतं. माझ्या मनात नसताना माझ्या हाताने ओढली असेल का? काल बायको म्हणाली, तू केलं नाहीस. मी तिला म्हटलं, मला सांगता येत नाही गं."

ऑरिनला वाटलं होतं, तो या माणसाला त्याची पंचगिरी परत द्यायला आलाय. इथे गोष्ट निराळीच होती. चार दिवस या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता, आणि तो ऑरिनने उडवला होता.

"तुमचा हात शाबूत आहे," तो म्हणाला. "गेला तो माझा."

"तुम्ही मुद्दाम थोडीच—"

"मुद्दाम नाही. पण ओरडलो. ओरडलो नसतो तर कड चुकली नसती. पक्षपात याहून वेगळा काय असतो?"

कर्टिसने भिंग परत दिलं. "आणि क्लिप बघून मान कुणी डोलावली? ते काम माझं होतं, ऑरिन. एकतीस वर्षं तुम्ही कधी चुकला नाहीत, म्हणून मी बघितलंच नाही. हॉलिस्टरबाईंना फोन लावताना तेही सांगा. नाहीतर मी सांगतो."

"तुमचं यादीतलं नाव जाईल."

"तुमचीही साखळी जाईलच की."

दोघांनी एकाच फोनवरून फोन केला, शिपायाच्या खोलीत उभं राहून. हॉलिस्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, फोटो पाठवायला सांगितला. शेवटी त्या म्हणाल्या, "मिस्टर पेट्स्का, वीस वर्षांत मला पंचांवर तक्रार करणारे हजारो फोन आले. स्वतःवर करणारा हा पहिला." आणि मग, कामाच्या आवाजात, "तुम्हाला पुन्हा साखळीवर घेता येणार नाही, हे तुम्हाला कळत असेल."

"कळतं, बाई."

शुक्रवारी निर्णय आला. पंच कर्टिस ओडेगार्ड यांनी कोणताही पक्षपात केलेला नाही, क्लिप न तपासल्याबद्दल गुण कापले, निकाल कायम. बाद फेरीला त्या वर्षी दुसराच पंच गेला. कर्टिसला पुढच्या हंगामात पुन्हा सामने मिळतील असं पत्रात होतं. लिंडहोमवाल्यांपैकी काहींनी माफी मागितली, आणि बाकीच्यांनी कर्टिसला सोडून ऑरिनला धरलं. तेही त्याने गृहीतच धरलं होतं. आणि ज्या बाद फेरीसाठी हे सगळं झालं तिच्यात ऑर्डवे पहिल्याच सामन्यात बेचाळीस-सहाने हरलं, तेव्हा तो विषय तसाही कुणाला काढवेना.

ऑरिनने अपेक्षा केली नव्हती ती गावाची. कॉलेजच्या क्रीडा विभागाचा माणूस साखळी न्यायला आला तेव्हा डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाचं काय बिघडलं असतं?" कॅफेत त्याचा मग खिळ्यावर होता, कॉफीही मिळत होती, पण तो बसला की टेबलावरचं बोलणं हवापाण्यावर यायचं. आमच्या गावात कुणाला वाळीत टाकत नाहीत; फक्त त्याच्याशी पावसाबद्दल बोलतात. हिवाळाभर ऑरिनने पाऊस ऐकला. लेरॉय तेवढा शहाणपणाने वेडेपणा करायचा. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "ए इंच्या, माझा मेहुणा तुझी विचारपूस करत होता. म्हणतो, असा माणूस कुंपण मोजायला आला असता तर मी तेव्हा वाद घातला नसता." त्यावर कुणी हसलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी ऑरिनला मक्याच्या भावाबद्दल विचारलं, आणि ती सुधारणा होती.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. पहिल्या शनिवारी ऑरिन घरीच थांबणार होता. मार्डेलने त्याच्यासमोर मरून टोपी ठेवली. "पास संपले," ती म्हणाली. "तिकिटं काढून आणलीत मी. वाया घालवायची नाहीत."

बत्तिसाव्या हंगामात तो पहिल्यांदा बाकावर बसला. मैदान वरून भलतंच लहान दिसत होतं. आजूबाजूचे लोक मान हलवून पुढे सरकत होते. शेजारच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या. तो टोपीची कड ओढत बसला असताना कुणीतरी म्हणालं, "इथे कुणी बसणार आहे का?"

कर्टिस ओडेगार्ड होता. अंगावर मरून स्वेटर, नवाकोरा, घडीच्या रेघा तशाच. शेजारी त्याची बायको.

"अनिका आलीच शेवटी इथे," तो जरा ओशाळून म्हणाला. "वाजंत्रीत आहे, क्लॅरिनेट वाजवते. आता ऑर्डवेचा सामना मला कधीच मिळायचा नाही. नियमच आहे. मग म्हटलं, बघायला तरी यावं."

"बसा, बसा," मार्डेल सरकली आणि तिने डबा उघडला. "आता लाच म्हणायला कुणाची हिंमत नाही."

दोघे शेजारी बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. ऑर्डवेने पहिले गुण केले. चार हजार माणसं उभी राहिली, वाजंत्री वाजली, टोप्या उडाल्या. ते दोघे बसूनच होते. सवयच नव्हती.

"आता आपल्याला ओरडायची परवानगी आहे," कर्टिस म्हणाला.

"हो ना. ओरडा की."

"तुम्ही आधी."

ऑरिनने घसा साफ केला. आवाज काही निघेना. दोघांनी एकेक कोलाचा घेतला.

शेवटच्या पाच मिनिटांत ऑर्डवे तीन गुणांनी मागे होतं आणि चौथा प्रयत्न होता. पोरांचा ढीग पडला, उठला, आणि मुख्य पंचाने साखळी मागवली. सगळं मैदान उभं राहिलं. आता ते दोघेही उभे राहिले. क्लिप लावायचं काम या वर्षी लेरॉयकडे होतं. पंच क्लिप धरायला वाकला तेव्हा लेरॉय मागे वळला, गर्दीत शोधत शोधत त्याची नजर ऑरिनवर आली, आणि त्याने बोट खाली करून रेघेची टाकीकडची कड दाखवली. ऑर्डवे कोठारांकडे निघालं होतं. मागची कड. ऑरिनने मान डोलावली.

साखळी ताणली गेली. चेंडू काठीच्या अलीकडे राहिला. तीन बोटं.

मैदानभर ओरडा उठला. "चोर!" समोरचा बियाणंवाला ओरडला. "आंधळे आहेत साले! विकले गेलेत!" मैदानावरचा कडेचा पंच, कुणी तरुण मुलगा, मान खाली घालून उभा होता. ऑरिनच्या शेजारी कर्टिसने ओठ घट्ट मिटले.

ऑरिनच्या घशातून मग आवाज निघाला. एकतीस वर्षांचा साठलेला होता, त्यामुळे निघाला तो मोठाच निघाला.

"बरोबर आहे!" तो ओरडला, मूठ पार डोक्याच्या वर नेऊन. "बरोबर मोजलंय! कमी पडला!"

चार ओळींतली माणसं वळून बघायला लागली. बियाणंवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. कर्टिस आधी हसला, आणि मग त्यानेही तोंडाशी हात धरून हाक दिली, "शाब्बास, पंच!" खाली तरुण पंचाने मान वर केली आणि एवढ्या मरून गर्दीतून हे कोण ओरडलं ते शोधायला लागला.

मार्डेलने ऑरिनचं जॅकेट धरून खाली ओढलं. "बस आता," ती म्हणाली. "डबा सांडेल."